हिस्टरी पुसली, इनबॉक्स उघडाच राहिला: सामायिक संगणकाच्या सफाईचं एक प्रकरण

एका छोट्या कार्यालयातल्या हिशेब विभागात एक डेस्कटॉप होता. विंडोज ११, आत एसएसडी (फिरत्या चकतीशिवायची डिस्क), आणि ‘ऑफिस’ नावाचं एकच यूजर अकाउंट. त्यावर तिघं जण आळीपाळीने बसायचे. त्यांतल्या एक मॅडम नोकरी सोडून गेल्या. जाण्याआधी त्यांनी क्रोम उघडलं, कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबल्या, समोर आलेल्या खिडकीतलं पुसण्याचं बटण दाबलं आणि ‘माझं सगळं क्लिअर केलंय’ असं सांगून निघाल्या. मग तो संगणक उचलून स्वागतकक्षात ठेवण्यात आला. तिथे बाहेरून आलेल्यांनाही अधूनमधून कागद छापून दिले जायचे.

थोड्याच दिवसांत तीन गोष्टी घडल्या. नव्या कर्मचाऱ्याने एका लिंकवर क्लिक केलं तर क्रोमऐवजी एज उघडलं आणि मॅडमचा खासगी इनबॉक्स पासवर्ड न मागताच समोर आला. एका फॉर्ममध्ये पहिला आकडा टाइप केल्याबरोबर खाली तिसऱ्याच कोणाचा तरी बँक खाते क्रमांक सुचवला गेला. आणि जुना प्रिंटर नव्या जागी जोडल्या जोडल्या त्यातून आपोआप दोन पानं बाहेर पडली. पगाराची यादी होती ती.

मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) नव्हतं, कोणी बाहेरून घुसलंही नव्हतं. तिन्ही गोष्टी संगणकाच्या नेहमीच्या कामकाजातून आल्या होत्या. ‘क्लिअर’ हे बटण एकच असलं, तरी खासगी माहिती एका जागी नसते, आणि कुठली गोष्ट कशाच्या आधी पुसायची यालाही अर्थ असतो. हे प्रकरण मुख्यतः या क्रमाचं आहे.

आधी पाहणी, मग हात

सफाईला लागण्याआधी काहीही न पुसता नुसती नोंद घ्यावी. एकदा पुसायला सुरुवात केली की नेमकं काय उघडं पडलं होतं हे कळण्याचा मार्ग बंद होतो, आणि ज्यांची माहिती उघडी होती त्यांना काय सांगायचं तेही कळत नाही.

पाहणीत पुढच्या गोष्टी दिसल्या. संगणकावर क्रोम आणि एज असे दोन ब्राउझर होते आणि दोन्ही वापरात होते. क्रोममध्ये मॅडमचं स्वतःचं गूगल अकाउंट साइन-इन होतं आणि सिंक (खात्यातली माहिती सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवणारी सोय) चालू होता. एजमध्ये दोन मेल खाती आणि एक पुरवठादार पोर्टल लॉगिन अवस्थेत होतं. डाउनलोड्स फोल्डरमध्ये एकाच विवरणपत्राच्या कंसात १, २, ३ असे आकडे लागलेल्या प्रती पडल्या होत्या. म्हणजे कोणीतरी प्रत्येक वेळी जुनी फाइल न शोधता नवी उतरवून घेत होतं. प्रिंटरच्या रांगेत एक काम अडकून राहिलं होतं, तेच छापून बाहेर आलं होतं.

त्या बटणाने नेमकं काय केलं होतं

ब्राउझिंग डेटा पुसण्याच्या खिडकीत सगळ्यात वर कालावधी असतो. खिडकी उघडते तेव्हा तो बहुधा लहानच निवडलेला असतो: शेवटची पंधरा मिनिटं किंवा शेवटचा तास. तो बदलून ‘ऑल टाइम’ केला नाही तर पुसलं जातं ते फक्त तेवढ्या वेळातलं. हिस्टरीच्या बाबतीत हे सहज लक्षात येतं. कुकीच्या बाबतीत येत नाही. क्रोम कालावधी मोजतो तो कुकी तयार झाल्याच्या वेळेवरून. सहा महिन्यांपूर्वी लॉगिन करताना बसलेली कुकी आज सकाळी वापरली गेली असली, तरी ‘शेवटचा तास’ या जाळ्यात ती सापडत नाही. थोडक्यात, जी कुकी सगळ्यात जपून पुसायला हवी तीच अशा सफाईतून वाचते.

कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी मजकुराची चिठ्ठी. आकाराने सुमारे ४ केबीपर्यंतची. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मोंटुली यांनी ही सोय केली, कारण वेब सर्व्हरला एका क्लिकनंतर दुसऱ्या क्लिकला ‘हा तोच माणूस’ हे ओळखता येत नव्हतं. आजही लॉगिन टिकून राहतं ते याच चिठ्ठीच्या जोरावर. त्यात सहसा तुमचा पासवर्ड नसतो. एक लांबलचक खूणक्रमांक असतो आणि तो दाखवणाऱ्याला सर्व्हर आत घेतो. क्रोमने ऑगस्ट २०२२ मधल्या १०४ व्या आवृत्तीपासून कुकीचं आयुष्य जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणलं. त्याआधी दहा-दहा वर्षांची मुदत घातलेल्या कुकी सर्रास दिसायच्या. ४०० दिवसही काही कमी नाहीत, आणि साइटला पुन्हा भेट दिली की ती मुदत नव्याने वाढवताही येते.

ब्राउझर बंद केला की काही कुकी मरतात, त्यांना सेशन कुकी म्हणतात. मात्र क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑन स्टार्टअप’खाली ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’ निवडलेलं असेल तर त्याही जिवंत राहतात, कारण ब्राउझर जुनी सगळी टॅब जशीच्या तशी परत उघडायची तयारी ठेवतो. या संगणकावर तो पर्याय चालू होता. शिवाय ‘क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीतली ॲप चालू ठेवा’ आणि एजमधला ‘स्टार्टअप बूस्ट’ हे दोन्ही चालू होते. म्हणजे खिडकी बंद केली तरी प्रोग्राम पूर्ण बंद होत नव्हता.

आणि दुसरा ब्राउझर? त्याला तर कोणी हातच लावला नव्हता. क्रोममध्ये केलेली सफाई एजला कळत नाही, एजची फायरफॉक्सला कळत नाही. हे सांगायला नको असं वाटतं, पण सामायिक संगणकावर बहुतेकदा घोटाळा होतो तो इथेच. विंडोजमध्ये बऱ्याच लिंक आणि पीडीएफ आपोआप एजमध्ये उघडतात, त्यामुळे ‘मी एज वापरतच नाही’ म्हणणाऱ्याचीही एजमध्ये लॉगिन सापडतात.

लॉगआउट आधी, कुकी नंतर

पुढचा क्रम उलटा केला की सगळी मेहनत अर्धी वाया जाते.

कुकी पुसली म्हणजे तुमच्याकडची चिठ्ठी फाडली. सर्व्हरच्या वहीत तो खूणक्रमांक तसाच चालू असतो. त्याची नक्कल आधीच कोणी घेतली असेल, किंवा मालवेअरने ती फाइल बाहेर पाठवली असेल, तर ती नक्कल मुदत संपेपर्यंत चालत राहते. ‘लॉगआउट’ दाबल्यावर मात्र नीट बांधलेली साइट आपल्या बाजूची नोंदच रद्द करते. मग चिठ्ठीची कितीही नक्कल असली तरी ती निरुपयोगी. म्हणून आधी प्रत्येक साइटवर जाऊन लॉगआउट, आणि त्यानंतर कुकी पुसणं. उलट केलंत तर लॉगआउट दाबायला तुम्ही आत उरतच नाही.

या प्रकरणात दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये शिरून लॉगआउट करणं बरोबर दिसलं नसतं. मॅडमना फोन करून कळवण्यात आलं. त्यांनी घरून आपल्या मेल खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन साइन-इन असलेल्या उपकरणांची यादी उघडली, कार्यालयातला संगणक निवडून साइन-आउट केला आणि मग पासवर्ड बदलला. कार्यालयात एज पुन्हा उघडून पाहिलं तर इनबॉक्सऐवजी लॉगिनचं पान आलं. मोठ्या मेल सेवांमध्ये हे पान ‘सिक्युरिटी’ आणि मग ‘युवर डिव्हायसेस’ किंवा तत्सम नावाखाली असतं. ज्यांना संगणक सोडून महिने उलटले आहेत त्यांनाही हे घरबसल्या करता येतं, आणि संगणकावरच्या सफाईपेक्षा हेच जास्त भरवशाचं आहे.

सिंकचा सापळा

क्रोममध्ये मॅडमचं अकाउंट सिंक चालू ठेवून बसलं होतं. अशा स्थितीत इथली हिस्टरी किंवा भरून ठेवलेली माहिती पुसली तर ती फक्त या संगणकावरून जात नाही, त्या अकाउंटवरूनच जाते. म्हणजे मॅडमच्या फोनवरूनही. जपून ठेवलेल्या पासवर्डच्या बाबतीत हे फार महाग पडतं. कार्यालयातल्या कोणीतरी चांगल्या हेतूने ‘पासवर्ड’च्या चौकटीत टिक करायची आणि तिकडे त्यांच्या घरच्या फोनवरचे सगळे पासवर्ड गायब. आवृत्तीनुसार पासवर्डची चौकट कधी त्याच खिडकीत, कधी पासवर्ड मॅनेजरच्या वेगळ्या पानावर सापडते. धोका दोन्हीकडे सारखाच.

सिंकचा प्रवाह दुसऱ्या बाजूनेही वाहतो. घरी फोनवर शोधलेल्या गोष्टी कार्यालयातल्या ॲड्रेस बारमध्ये सुचवणी म्हणून येतात. आजारांची नावं, कर्जाची चौकशी, दुसरी नोकरी. कुकीवर सगळे बोलतात, पण सामायिक संगणकावर सगळ्यात लाजिरवाणी गळती होते ती बहुधा इथून.

तेव्हा पुसण्याआधी सिंक बंद. क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक करून अकाउंट साइन-आउट करायचं. ‘या उपकरणावरचा डेटाही काढा’ अशी चौकट आली तर तिथे टिक करायची. त्यानंतर संपूर्ण प्रोफाइलच (ब्राउझरमधला त्या माणसाचा वेगळा कप्पा) काढून टाकणं सगळ्यात स्वच्छ. त्याच चित्राच्या मेनूत प्रोफाइल्सची यादी उघडते, त्या कार्डावरच्या तीन ठिपक्यांत डिलीट असतं. प्रोफाइल काढल्यावर त्याची हिस्टरी, कुकी, कॅश (साइटची साठवून ठेवलेली चित्रं व फाइल्स), ऑटोफिल (फॉर्ममध्ये आपोआप सुचवली जाणारी माहिती), एक्स्टेन्शन सगळं संगणकावरून जातं, अकाउंटवर मात्र शाबूत राहतं. एकेक चौकट आठवून टिक करण्यापेक्षा हे बरं.

प्रोफाइल ठेवायचंच असेल, जसं इथे एजमधलं कार्यालयाचं प्रोफाइल ठेवायचं होतं, तर कंट्रोल-शिफ्ट-डिलीट, कालावधी ‘ऑल टाइम’, आणि चौकटींपैकी हिस्टरी, डाउनलोड हिस्टरी, कुकी आणि साइट डेटा, कॅश केलेली चित्रं व फाइल्स, आणि ऑटोफिल फॉर्म डेटा. ही शेवटची चौकट क्रोममध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबखाली किंवा यादीच्या तळाशी दडलेली असते, म्हणून राहून जाते. बँक खाते क्रमांक तिथूनच आला होता. सगळं ऑटोफिल पुसायचं नसेल तर फॉर्ममध्ये ती सुचवणी खाली दिसत असताना बाणाच्या कळीने तिच्यावर जायचं आणि शिफ्ट-डिलीट दाबायचं. तेवढी एकच नोंद जाते. ॲड्रेस बारमधली नको असलेली सुचवणीही अशीच काढता येते.

पुसलं गेलं की नाही हे पाहायला सेटिंग्जमध्ये साइट डेटाची यादी उघडावी. क्रोममध्ये ती ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘व्ह्यू परमिशन्स अँड डेटा स्टोअर्ड अक्रॉस साइट्स’ अशी मिळते. ही यादी कुकीपुरती नसते. साइटने ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये किंवा इंडेक्स्ड डीबीमध्ये ठेवलेला साठाही तिथे मोजला जातो. एखाद्या साइटसमोर काही एमबी दिसले तर ते कुकीचे नसतात, या साठ्याचे असतात.

टेम्प फोल्डर, आणि टेम्प न म्हणवणाऱ्या जागा

विंडोज कळ आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘%टेम्प%’ लिहून एंटर दाबलं की त्या यूजरचा टेम्प फोल्डर, म्हणजे प्रोग्रामांच्या तात्पुरत्या फाइल्सची जागा, उघडतो. तो असतो सी ड्राइव्हवर यूजर्स, यूजरचं नाव, ॲपडेटा, लोकल, टेम्प या वाटेवर. याखेरीज विंडोज फोल्डरच्या आत एक वेगळा टेम्प असतो. तो संपूर्ण संगणकाचा; उघडायला ॲडमिनची परवानगी लागते.

इथे लोक दोन चुका करतात. एक, सगळं निवडून डिलीट करताना ‘फाइल वापरात आहे’ असा निरोप आला की घाबरून सगळंच रद्द करतात. त्या निरोपातल्या ‘हे सगळ्यांसाठी करा’ चौकटीत टिक करून ‘स्किप’ दाबायचं. वापरातल्या फाइल्स राहतात, बाकीच्या जातात. दोन, एखादं सॉफ्टवेअर बसवताना मध्येच किंवा रीस्टार्ट बाकी असताना टेम्प रिकामा करतात. इन्स्टॉलर आपल्या फाइल्स तिथेच उलगडून ठेवतो आणि रीस्टार्टनंतर परत मागतो. म्हणून आधी रीस्टार्ट, मग कुठलंही ॲप उघडायच्या आधी टेम्प.

टेम्पमध्ये खासगी काय असणार, असं वाटतं. या संगणकावर झिप फाइल न उलगडता आतली एक्सेल शीट थेट उघडायची सवय होती. असं केलं की विंडोज आतल्या फाइलची प्रत टेम्पमध्ये काढतं आणि ती प्रत तिथेच पडून राहू शकते. झिपला पासवर्ड असला तरी टेम्पमधली प्रत उघडीच असते. अशा बऱ्याच शीट तिथे पडल्या होत्या.

त्याहून आडवळणाची जागा क्लासिक आउटलुकची. मेलमधली जोडफाइल सेव्ह न करता थेट उघडली की आउटलुक तिची प्रत ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, आयनेटकॅश या वाटेवर ‘कंटेंट डॉट आउटलुक’ नावाच्या फोल्डरात, त्यातही वेड्यावाकड्या अक्षरांच्या उपफोल्डरात ठेवतं. जोडफाइल आधी बंद केली आणि मग आउटलुक बंद केलं तर ती प्रत पुसली जाते. आउटलुक आधी बंद झालं किंवा अडकून पडलं, तर प्रत कायमची राहते. संध्याकाळी घाईत सगळ्या खिडक्या एकदम बंद करणाऱ्या कार्यालयात हा फोल्डर वर्षानुवर्षं फुगत जातो. तो एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइल्स दाखवूनही दिसत नाही. पूर्ण वाट ॲड्रेस बारमध्ये टाइप केली की उघडतो. इथे त्यात पगारपत्रकं, करारांचे मसुदे आणि एका उमेदवाराचा बायोडेटा होता. मेल केव्हाच डिलीट केलेले, जोडफाइल मात्र जागच्या जागी.

वर्ड आणि एक्सेलच्या बाबतीत ‘~$’ अशा चिन्हांनी सुरू होणाऱ्या छोट्या फाइल्सही मागे राहतात. मूळ फाइल उघडी असताना कुलूप म्हणून त्या तयार होतात आणि प्रोग्राम कोसळला की उरतात. त्यात मजकूर नसतो, पण फाइल उघडणाऱ्याचं नाव असतं.

बाकीचं ढोबळ काम सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या पानावरून होतं. पान उघडल्यावर मोजणी पूर्ण होईपर्यंत थांबावं, नाहीतर याद्या अर्धवट दिसतात. यातली ‘डाउनलोड्स’ ही चौकट डोळे उघडे ठेवून पाहावी. ती टेम्पररी फाइल्सच्या यादीत बसलेली असली तरी डाउनलोड्स हा तात्पुरता फोल्डर नाही. टिक केलीत तर हव्या असलेल्या फाइल्सही जातात. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ पुसलं की जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही. तशी परत जाण्याची सोय मुळात दहाच दिवस असते, त्यामुळे त्यानंतर ते पुसायला हरकत नाही. ‘थंबनेल्स’ची चौकट मात्र जरूर निवडावी. फोटो किंवा स्कॅन डिलीट झाला तरी त्याचं छोटं चित्र विंडोजच्या थंबनेल साठ्यात राहू शकतं, आणि ओळखपत्राच्या स्कॅनचं छोटं चित्रही पुरेसं बोलकं असतं.

प्रिंटरमधून बाहेर आलेली पानं

छापायला दिलेलं प्रत्येक काम विंडोज आधी डिस्कवर लिहितं: विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरात. छापून झालं की फाइल पुसते. हिशेब विभागात कधीतरी प्रिंटर बंद असताना पगाराची यादी छापायला दिली गेली, काही होईना म्हणून दुसरीकडून छापली, आणि हे काम रांगेत तसंच राहिलं. स्वागतकक्षात तोच प्रिंटर जोडल्याबरोबर विंडोजने इमानेइतबारे काम पूर्ण केलं.

ब्राउझरच्या किंवा टेम्पच्या सफाईशी याचा काही संबंध नाही. रांग रिकामी करण्यासाठी प्रिंटरच्या खिडकीतून काम रद्द करावं. ‘डिलीटिंग’ असं दाखवत ते तिथेच चिकटून बसलं तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) थांबवावा, वरच्या प्रिंटर्स फोल्डरातल्या फाइल्स पुसाव्यात (फोल्डर पुसू नये) आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ निवडलेलं नाही ना, हेही पाहून घ्यावं. ते चालू असेल तर छापून झालेली कामंही डिस्कवर राहतात.

पटकन उरकायच्या गोष्टी

विंडोज कळ आणि व्ही दाबलं की क्लिपबोर्ड हिस्टरी, म्हणजे कॉपी केलेल्या गोष्टींची यादी, उघडते, चालू असेल तर. तीत २५ पर्यंत नोंदी राहतात. रीस्टार्टनंतर त्या जातात, पण पिन केलेल्या जात नाहीत, आणि पासवर्ड पिन करून ठेवणारी माणसं असतात. त्या हाताने काढाव्या लागतात.

अलीकडे उघडलेल्या फाइल्सची यादी एक्सप्लोररच्या ‘ऑप्शन्स’मध्ये, ‘जनरल’ टॅबवर, ‘प्रायव्हसी’खालच्या ‘क्लिअर’ने जाते. टास्कबारवरच्या एक्सेलच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून येणारी यादीही तपासावी. नुसती फाइलची नावंसुद्धा बरंच सांगून जातात: ‘अमुक यांचा राजीनामा मसुदा’ हे वाचायला फाइल उघडावी लागत नाही.

कंट्रोल पॅनेलमधला ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ ब्राउझरपासून वेगळा आहे. नेटवर्क फोल्डर आणि काही ॲपचे पासवर्ड तिथे असतात. जुन्या नोंदी ‘रिमूव्ह’ कराव्यात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ दिलं की भेट दिलेल्या साइटच्या नावांची तात्पुरती नोंद जाते, रीस्टार्टनेही जाते. इन्कग्निटो खिडकीत काम केलं म्हणून डाउनलोड केलेली फाइल नाहीशी होत नाही, हे एकदा सगळ्यांना सांगून टाकावं.

कार्यालयाच्या किंवा घरच्या नेटवर्कवरच्या नोंदी, साइटकडे असलेला तुमचा इतिहास, तुमच्या खात्यावर साठलेली शोधांची यादी, यांतलं काहीही संगणक पुसून जात नाही. ते ज्याचं त्याने आपल्या खात्यात जाऊन पुसायचं. आणि कॅश पुसल्याने संगणक वेगवान होतो हा समज सोडून द्यावा. पुसल्यानंतर पहिल्यांदा साइट उलट हळूच उघडतात, कारण सगळी चित्रं पुन्हा उतरवावी लागतात.

पुसलं म्हणजे गेलं का?

रिसायकल बिन रिकामा केला तरी फाइल लगेच नाहीशी होत नाही; तिची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फाइल परत मिळवता येते. ती परत मिळवता येऊ नये यासाठी विंडोजमध्ये ‘सायफर /डब्ल्यू’ ही आज्ञा आहे. ती मोकळ्या जागेवर तीन फेऱ्या लिहिते, मोठ्या डिस्कला अनेक तास लागतात. एसएसडीवर हे करू नये. तिथे ट्रिम नावाची सोय असते. कुठली जागा मोकळी झाली हे विंडोज एसएसडीला कळवतं आणि ती आपल्या सोयीने साफ करते. वरून पुन्हा पुन्हा लिहिण्याने झीज होते आणि आतल्या राखीव जागेपर्यंत ते पोचेलच असं नाही. एसएसडीला खरा उपाय एन्क्रिप्शनचा (डिस्कवरचं सगळं सांकेतिक रूपात ठेवण्याचा), म्हणजे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन आधीपासून चालू असण्याचा. इथे ते बंद होतं. चालू केलं आणि रिकव्हरी की (अडल्यास डिस्क उघडणारा क्रमांक) संगणकाबाहेर ठेवली.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेले असतील तर तिथला रिसायकल बिन वेगळा असतो: वैयक्तिक खात्यात ३० दिवस, कार्यालयीन खात्यात ९३ दिवस. संगणकावरून पुसलेलं तिथून तेवढे दिवस परत येऊ शकतं.

‘एका क्लिकमध्ये सफाई’ करणारं सॉफ्टवेअर बसवू का, हा प्रश्न हमखास येतो. इथे नको असंच सांगितलं. वर लिहिलेलं सगळं विंडोज आणि ब्राउझरच्या आतूनच होतं, आणि सफाईच्या सॉफ्टवेअरला संपूर्ण संगणकाचे अधिकार द्यावे लागतात. २०१७ साली सीक्लीनर या अशाच सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तीत, कंपनीच्याच अधिकृत डाउनलोडमध्ये, हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ते २२ लाखांहून अधिक संगणकांवर पोचलं. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. खासगीपणाला त्याचा फायदा नगण्य आणि एखादं सॉफ्टवेअर बंद पडलं तर कारण सापडत नाही. प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोज ठेवतं तो प्रीफेच फोल्डरही तसाच राहू द्यावा.

मग अकाउंटच का नाही काढलं

खरं तर ‘ऑफिस’ हे विंडोज अकाउंट डेटासकट काढून प्रत्येकाला वेगळं अकाउंट दिलं असतं, तर ब्राउझर, टेम्प, आउटलुक, थंबनेल ही सगळी कामं एका फटक्यात झाली असती. स्पूल आणि विंडोजचा टेम्प तेवढा हाताने करावा लागला असता. आमचं मतही तेच आहे: सामायिक संगणकावर सफाईचं वेळापत्रक आखण्याआधी अकाउंट वेगळी करा. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर याच अकाउंटखाली बसवलेलं होतं आणि त्याचं लायसन्स हलवायला वेळ लागणार होता. म्हणून आत्ता जागच्या जागी सफाई केली, स्वागतकक्षासाठी वेगळं साधं अकाउंट काढलं, त्यात एजला प्रत्येक वेळी बंद करताना कुकी आणि हिस्टरी पुसायला लावलं, आणि ‘ऑफिस’ला पासवर्ड घातला. एजमध्ये ही सोय ‘प्रायव्हसी’खाली ‘ब्राउझर बंद करताना काय पुसायचं ते निवडा’ या अर्थाच्या पर्यायात आहे. स्टार्टअप बूस्ट आणि पार्श्वभूमीतली ॲप हे दोन्ही पर्याय तिथे बंद केले, म्हणजे खिडकी बंद झाली की ब्राउझरही खरोखर बंद होतो.

शेवटपर्यंत अडलेलं एक पोर्टल

सगळं पार पडल्यावर पुरवठादार पोर्टल उघडेना. यूजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि मग ‘आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे’. तो मोबाइल मॅडमचा. इतकी वर्षं हा ओटीपी कधी विचारला गेला नव्हता, कारण ‘हे उपकरण लक्षात ठेवा’ ही खूणही एका कुकीतच होती आणि तीही पुसली गेली होती. त्यांनी फोनवर ओटीपी सांगितला म्हणून आत जाता आलं, नंबर बदलायला मात्र पोर्टलकडे लेखी अर्ज करावा लागला आणि तो मंजूर होईपर्यंत दर लॉगिनला त्यांनाच फोन करावा लागत होता.

म्हणून कार्यालयाच्या प्रत्येक खात्यात, कुकी अजून जिवंत असताना आणि तुम्ही आत असताना, दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीला कोणाचा नंबर लावला आहे ते आधी पाहावं आणि तो तेव्हाच बदलून घ्यावा. बॅकअप कोड (ओटीपी मिळत नसताना वापरायचे) मिळत असतील तर तेही त्याच वेळी छापून घ्यावेत. गूगल खात्यात असे प्रत्येकी आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. तो कागद संगणकाच्या टेबलाच्या खणात ठेवू नये, कुलपात ठेवावा.